"दिसलाच नाही हो" हे खरं पण असू शकतं

सोसायटीच्या गेटमधून कार काढताना मी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, रस्ता मोकळा होता, गाडी पुढे घेतली तर बॉनेटसमोर एक बाइकवाला गचकन ब्रेक मारून उभा. थोडक्यात वाचला. "डोळे आहेत का?" म्हणाला. पण मी खरंच बघितलं होतं, म्हणून मग हे वाचायला घेतलं.

आपले डोळे सलग फिरत नाहीत, उड्या मारतात. या उडीला सॅकाड म्हणतात, आणि उडी चालू असताना मेंदू दिसणं जवळजवळ बंदच ठेवतो, नाहीतर सगळं जग हलताना दिसलं असतं. मधली जागा तो आपल्या मनाने भरून टाकतो. त्यामुळे घाईत मान फिरवली की दोन थांब्यांच्या मधली बाइक निसटू शकते आणि रस्ता मोकळाच वाटतो.

त्यात समोरून येणारी बाइक दिसायला अरुंद. ताशी 50 किमीने येणारी बाइक 60 मीटरवर असताना हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाच्या निम्मी दिसते, दोन सेकंदांनी 30 मीटरवर आली तरी जेमतेम नखाएवढी, आणि पुढच्या एकाच सेकंदात अचानक दुप्पट होते, तोवर आपण "अजून लांब आहे" म्हणून वळलेलो असतो. 1 एप्रिल 2017 पासून नव्या टू-व्हीलरचा हेडलाइट दिवसाही चालू राहतो तो याचसाठी, लोक उगाच "दादा लाइट चालू आहे" म्हणून हात करायचे.

मला सगळ्यात भीती वाटते ती पुढच्या काचेशेजारच्या खांबाची, म्हणजे ए-पिलरची. वीस मीटरवरची अख्खी बाइक त्यामागे मावते. आणि दोन गाड्या एकमेकींवर आदळायच्या मार्गावर असतील तर आपल्याला दुसरी गाडी एकाच दिशेला, जागच्या जागी असल्यासारखी दिसत राहते, म्हणजे पिलरमागे गेलेली बाइक शेवटपर्यंत पिलरमागेच! आरशात बघून काही होत नाही, मानच पुढे-मागे करावी लागते. ट्रकची क्लीनर साइड तर त्याहून वाईट, डावीकडे अगदी खेटून असलेला बाइकवाला उंचावर बसलेल्या ड्रायव्हरला दिसतच नाही.

2022 मध्ये भारतात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यातली जवळपास 45 टक्के टू-व्हीलरवरची.

आता गेटवर मी दोनदा बघतो, दुसऱ्यांदा मान पुढे काढून सावकाश, मागून हॉर्न वाजले तरी. आणि बाइकवर असलो की ड्रायव्हरच्या नजरेवर भरवसा ठेवत नाही, त्याच्या पुढच्या चाकाकडे बघतो, गाडी हलायला लागली की ते लगेच कळतं.