वैद्यकीय सहायक बहिर्वासिता
वैद्यकीय सहायक बहिर्वासिता : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वैद्यकीय सहायकाचा, म्हणजेच मेडिकल असिस्टंटचा, अभ्यासक्रम पूर्ण होण्यापूर्वी विद्यार्थ्याने प्रत्यक्ष दवाखान्यात, अनुभवी कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली करावयाचे काम. या कामास तेथे पूर्वी सर्रास एक्स्टर्नशिप म्हणत. अधिमान्यतेच्या, म्हणजे अभ्यासक्रमाचा दर्जा तपासून त्याला मान्यता देण्याच्या, अलीकडच्या मानकांत प्रॅक्टिकम हा शब्द आहे. वैद्यकीय सहायक म्हणजे परिचारिका नव्हे. डॉक्टरांच्या बाह्यरुग्ण दवाखान्यात अपॉइंटमेंटी, विम्याचे कागद व रुग्णनोंदी सांभाळणे आणि रक्तदाब मोजणे, इंजेक्शन देणे, रक्तनमुना घेणे, ईसीजी काढणे अशी दोन्ही प्रकारची कामे त्याच्याकडे असतात व बहिर्वासितेतही ती दोन्ही अपेक्षित असतात.

शब्दाची व्युत्पत्ती : एक्स्टर्न व इंटर्न या जोडीचे मूळ फ्रेंच रुग्णालयांत सापडते. पॅरिसच्या रुग्णालयांची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळाने 1802 मध्ये स्पर्धा-परीक्षेने निवडावयाच्या विद्यार्थ्यांचे दोन वर्ग केले. रुग्णालयाच्या आवारात राहणारे ते ‘अँतेर्न’ आणि बाहेर राहून ठरावीक वेळी येणारे ‘एक्स्तेर्न’. म्हणजे मूळ भेद निवासाचा होता. शिक्षणाच्या टप्प्याचा भेद त्याला नंतर चिकटला. फ्रान्समध्ये ही बहिर्वासी पदांची पद्धत 1968 मध्ये बंद झाली. अमेरिकेत हा शब्द थेट फ्रेंच रुग्णालयांतून आला की तेथे आधीच रुळलेल्या इंटर्नशिपला विरोधी जोड म्हणून नव्याने घडला, याविषयी दोन मते संभवतात. वैद्यकीय सहायकांच्या बाबतीत दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यांच्या शाळा रुग्णालयांशी बांधलेल्या नव्हत्या, निवासाचा प्रश्नही नव्हता आणि येथे ‘बाहेर’ याचा अर्थ रुग्णालयाबाहेर नसून शाळेबाहेर असा आहे. प्रॅक्टिकम हे लॅटिन नपुंसकलिंगी रूप जर्मन विद्यापीठांतील ‘प्राक्टिकुम’च्या वळणाचे असून त्यात निवासाचा अर्थ मुळीच नाही. मराठीत इंटर्नशिपसाठी आंतरवासिता हा शब्द वैद्यकीय व अध्यापक-शिक्षणात स्थिरावला आहे. त्याच्या जोडीने बहिर्वासिता ही संज्ञा येथे वापरली आहे. ती व्युत्पत्तीशी प्रामाणिक असली तरी आज कोणी कोठेच ‘वास’ करीत नाही, हा दोष दोन्ही शब्दांत सारखाच आहे.

इतिहास : पहिल्या शाळेचे साल निश्चित करणे सोपे नाही. अनेक पाठ्यपुस्तके न्यूयॉर्क शहरात मँडल यांनी 1934 मध्ये वैद्यकीय सहायकांची पहिली शाळा उघडली असे सांगतात; उलट मँडल यांच्या नावाची संस्था आपली स्थापना 1924 पासून मोजते. संस्था आधीची आणि सहायकांचा स्वतंत्र अभ्यासक्रम नंतरचा, असे मानल्यास दोन्ही सालांचा मेळ बसतो. तथापि पाठ्यपुस्तके एकमेकांवरून साल उचलतात, त्यामुळे एकच साल अनेक ठिकाणी आढळणे हा स्वतंत्र पुरावा ठरत नाही. त्याआधी आणि नंतरही बराच काळ डॉक्टर आपल्या दवाखान्यातील मदतनिसाला हाताखाली ठेवूनच तयार करीत. शाळा पुढे आल्यावर हीच हाताखालची उमेदवारी अभ्यासक्रमाच्या शेवटी, ठरावीक तासांच्या रूपात शिल्लक राहिली, असे म्हणता येईल.

विविध राज्यांतील सहायक 1955 मध्ये कॅन्सस सिटी येथे एकत्र आले आणि 1956 मध्ये मिलवॉकी येथील अधिवेशनात अमेरिकन असोसिएशन ऑफ मेडिकल असिस्टंट्स या संघटनेला घटना मिळाली. मॅक्सिन विल्यम्स या तिच्या पहिल्या अध्यक्षा. प्रमाणित वैद्यकीय सहायक ही उपाधी देणारी परीक्षा 1960 नंतरच्या दशकाच्या आरंभी सुरू झाली. तिचे साल बहुतेक ठिकाणी 1963 दिले जाते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या सहकार्याने अभ्यासक्रमांची अधिमान्यता 1969 मध्ये आली. ही जबाबदारी 1994 पासून संलग्न आरोग्यशिक्षणाच्या स्वतंत्र अधिमान्यता आयोगाकडे, म्हणजे काहेपकडे, गेली. आरोग्यशिक्षण-शाळांचा अधिमान्यता विभाग, म्हणजे अभेस, ही दुसरी संस्था. 1998 च्या आरंभापासून सहायकांच्या संघटनेने आपली परीक्षा केवळ अधिमान्य अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांपुरती ठेवली. बहिर्वासितेला खरे वजन या निर्णयाने आले, कारण ती केल्याशिवाय अभ्यासक्रम पूर्ण होत नसे आणि अभ्यासक्रमाशिवाय परीक्षेला बसता येत नसे.

तासांची अट : काहेप व अभेस या दोन्ही संस्थांच्या मानकांत किमान 160 तास हा आकडा आहे. त्याचे समर्थन मानकांच्या मजकुरात दिलेले नाही. आठवड्याचे 40 तास धरले तर चार आठवडे होतात आणि हिशेब एवढाच असावा असे दिसते. अर्धवेळ विद्यार्थ्याला हेच तास भरण्यास दुप्पट काळ लागतो. काहेपच्या 2008 च्या मानकांत हे काम बाह्यरुग्ण सेवेच्या ठिकाणीच व्हावे असे होते. 2015 च्या मजकुरात ‘आरोग्यसेवेचे ठिकाण’ असा सैल शब्द आला. हे काम विनावेतन, देखरेखीखाली आणि पदवीदानापूर्वी पूर्ण झालेले असावे, असेही तेथे नमूद होते. 2020 मध्ये कोविडच्या साथीमुळे दवाखान्यांची दारे विद्यार्थ्यांना बंद झाली, तेव्हा तात्पुरती शिथिलता द्यावी लागली.

तास मोजावेत की कृती, हा या क्षेत्रातील जुना वाद आहे. अधिमान्यता संस्था तासांच्या जोडीला ज्ञान, हस्तकौशल्य व वर्तन अशा तीन अंगांच्या क्षमता तपासतात. कॅलिफोर्नियाच्या राज्यनियमांची रीत वेगळी आहे. तेथे इंजेक्शनसाठी 10 तासांचे प्रशिक्षण आणि स्नायूतील, त्वचेखालील व त्वचेतील अशी प्रत्येक प्रकारची किमान 10 इंजेक्शने, तसेच रक्त घेण्यासाठी 10 तास, शिरेतून 10 वेळा व त्वचेला टोचून 10 वेळा, अशी मोजणी आहे. केवळ तासांच्या अटीत एखादा विद्यार्थी चारही आठवडे फाइली लावण्यात घालवू शकतो. कृतींच्या मोजणीत त्याला तशी पळवाट राहत नाही. म्हणून दुसरी रीत अधिक प्रामाणिक म्हणावी लागते, मात्र दहावी कृती पहिलीपेक्षा चांगली झाली की नाही हे तीही सांगत नाही. वॉशिंग्टन राज्यात 2013 पासून सहायकांची राज्यपातळीवर नोंद व प्रमाणीकरण होते. अनेक राज्यांत मात्र परवान्याची पद्धत नाही व डॉक्टर आपल्या जबाबदारीवर काम सोपवितो.

प्रत्यक्ष काम : कार्यस्थळी जाण्यापूर्वी हेपॅटायटिस-बी लसीची नोंद, क्षयरोगाची चाचणी, जीवरक्षक प्राथमिक उपचाराचे प्रमाणपत्र आणि बहुधा पार्श्वभूमी-तपासणी मागितली जाते. रक्तातून पसरणाऱ्या रोगांविषयीचे 1991 चे सुरक्षा-मानक आणि रुग्णमाहितीच्या गोपनीयतेला आधार देणारा 1996 चा हिपा कायदा यांचे शिक्षण आधी व्हावे लागते. शाळा व दवाखाना यांच्यात लेखी करार असतो. शाळेकडून समन्वयक नेमला जातो आणि दवाखान्यातील एक कर्मचारी रोजच्या देखरेखीला असतो.

शिरेतून रक्त घेण्याचे उदाहरण घेतल्यास देखरेखीचे स्वरूप कळते. विद्यार्थी प्रथम रुग्णाला त्याचे पूर्ण नाव व जन्मतारीख विचारतो. ‘तुम्ही अमुकच ना?’ असे विचारणे चूक, कारण गडबडलेला रुग्ण कशालाही हो म्हणतो. दंडावर आवळलेला पट्टा एक मिनिटाहून अधिक ठेवायचा नसतो. सुई सुमारे 15 ते 30 अंशांच्या कोनात शिरते आणि नळ्या ठरलेल्या क्रमाने भरल्या जातात : रक्तसंवर्धनाच्या बाटल्या, फिकट निळ्या झाकणाची सायट्रेटची नळी, लाल किंवा सोनेरी, हिरवी हेपॅरिनची, जांभळी ईडीटीएची आणि शेवटी करडी. सायट्रेट, हेपॅरिन व ईडीटीए ही रक्त गोठू न देणारी द्रव्ये होत. हा क्रम निव्वळ शिस्तीसाठी नाही. जांभळ्या नळीतील पोटॅशियमयुक्त ईडीटीएचा अंश पुढच्या नळीत गेला तर पोटॅशियम खोटे वाढलेले व कॅल्शियम खोटे घटलेले दिसते आणि डॉक्टर नसलेल्या आजारावर विचार करू लागतो. नळीवरील चिठ्ठी रुग्णासमोरच, रक्त घेतल्यानंतर लावायची. आधीच चिठ्ठ्या लावून ठेवलेल्या नळ्या दुसऱ्याच रुग्णासाठी उचलल्या जाण्याचा धोका असतो. प्रयोगशाळेतील रबरी हातावर हे सारे जमते. खरा रुग्ण हात मागे घेतो, त्याला घेरी येते, त्याची शीर सुईखालून निसटते. देखरेख करणाऱ्याचे कसब येथे लागते, कारण कधी थांबून सुई स्वतःच्या हाती घ्यायची हे त्याला क्षणात ठरवावे लागते.

वेतनाचा प्रश्न : विनावेतन काम म्हणजे फुकटचा मजूर, हा आक्षेप जुना आहे. काहेपच्या मानकांत विद्यार्थ्याला कर्मचाऱ्याच्या जागी वापरता येणार नाही असे स्पष्ट म्हटले आहे. कायद्याच्या बाजूने, 1938 च्या न्याय्य श्रममान कायद्याखाली प्रशिक्षणार्थी हा कामगार ठरतो का, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे 1947 मध्ये रेल्वेच्या प्रशिक्षणार्थींच्या प्रकरणात आला व तो कामगार नव्हे असा निकाल लागला. 2015 मध्ये दोन संघीय अपील न्यायालयांनी, एकाने चित्रपट-व्यवसायातील व दुसऱ्याने भूल-परिचर्येच्या विद्यार्थ्यांच्या दाव्यात, ‘मुख्य लाभ कोणाचा?’ ही कसोटी लावली आणि कामगार खात्याने ती जानेवारी 2018 मध्ये स्वीकारली. वैद्यकीय सहायकांना यांपैकी भूल-परिचर्येचा निकाल जवळचा आहे, कारण तेथे व्यवसायात शिरण्यासाठी प्रत्यक्ष रुग्णकाम करणे बंधनकारकच होते. विद्यार्थ्याला नोंदणीकृत शिकाऊ उमेदवार म्हणून वेतनासह तयार करण्याचा पर्यायही काही राज्यांत वाढला आहे.

भारतातील स्थिती : भारतात या नेमक्या व्यवसायाची समांतर श्रेणी नाही. महाराष्ट्रातील खासगी दवाखान्यांत कंपाउंडर म्हणून ओळखला जाणारा मदतनीस डॉक्टरांच्या हाताखालीच शिकत आला आहे; प्रयोगशाळा-तंत्रज्ञांसाठी पदविका अभ्यासक्रम आहेत. 2021 च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने संलग्न आरोग्य-व्यावसायिकाच्या पदविका वा पदवीसाठी दोन ते चार वर्षांत किमान 2000 तासांची मर्यादा घातली आहे. हे तास संपूर्ण शिक्षणाचे असल्याने त्यांची अमेरिकेतील 160 तासांशी सरळ तुलना करता येत नाही.