ऑफिसचा पीसी घरून वापरायचाय ना? मग ३३८९ नंबरचं पोर्ट उघडू नका

मार्च एंडिंग आलं की जळगावची दाल मिल घ्या, धुळ्याची पतसंस्था घ्या नाहीतर रावेर-यावलकडचा केळीचा व्यापारी, सगळीकडे एकच मागणी सुरू होते. टॅली ऑफिसच्या पीसीवर, अकाउंटंट गावाला, सीए नाशिकला, आणि शेठ म्हणतात घरून काम होईल असं काहीतरी करून द्या. मग कोणीतरी येतो, राउटरमधे पोर्ट फॉरवर्ड मारतो, म्हणजे बाहेरून इंटरनेटवरून येणाऱ्याला थेट ऑफिसच्या पीसीपर्यंत वाट करून देतो, मोबाईलवर ऑफिसची स्क्रीन उघडून दाखवतो आणि सगळे खूश. आपण विचारलं की हे सेफ आहे का, तर उत्तर ठरलेलं, "पासवर्ड टाकेल आहे ना भाऊ, मग कोण घुसणार?"

आधी हे सांगतो की रिमोट डेस्कटॉप, म्हणजे लांब बसून ऑफिसचा पीसी चालवायची विंडोजची सोय, ही चीज चांगलीच आहे. मायक्रोसॉफ्टने १९९८ मधे विंडोज एनटीच्या टर्मिनल सर्व्हरसोबत ती आणली. यात तुमचा डेटा ऑफिसमधेच राहतो, तुमच्याकडे फक्त स्क्रीनवर जे बदललं त्याचं चित्र येतं आणि तुमच्याकडून कीबोर्ड-माऊसच्या हालचाली जातात, म्हणून गावाकडच्या साध्या नेटवरही काम होतं. काही जण याऐवजी टॅलीचं डेटा फोल्डरच घरच्या लॅपटॉपवरून नेटवर्कने उघडतात, ते करू नका, प्रत्येक छोट्या वाचनासाठी लॅपटॉप ते ऑफिस अशी फेरी होते, सगळं रखडतं आणि मधेच नेट गेलं की डेटा खराब व्हायची भीती वेगळीच.

अडचण पोर्टची आहे. पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरमधे बाहेरून यायचं नंबर टाकलेलं दार. रिमोट डेस्कटॉप ३३८९ नंबरच्या पोर्टवर ऐकत बसतो, ते राउटरमधून बाहेर उघडलं की तिजोरीचं दार थेट हायवेकडे काढल्यासारखं आहे. आणि "आपल्या छोट्या ऑफिसला कोण शोधणार" हा विचार तर पूर्ण चुकीचा, कारण शोधणारा माणूस नसतोच. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे म्हणजे आयपीव्ही४ चे एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. २०१३ मधे मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं टूल काढलं, ते एका साध्या कॉम्प्युटरवरून आणि एक गिगाबिटच्या लाईनवरून एवढे सगळे पत्ते ४५ मिनिटांच्या आत तपासू शकतं. म्हणजे तुमचं ऑफिस अमळनेरला आहे की अमेरिकेत, त्या प्रोग्रॅमला काहीच फरक पडत नाही, तो सगळीकडे टकटक करतो. पोर्टचा नंबर बदलून ३३९० केला तरी थोडा गोंगाट कमी होईल एवढंच.

विश्वास बसत नसेल तर असं पोर्ट उघडं असलेल्या पीसीवर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिक्युरिटी, आणि ४६२५ नंबरचे इव्हेंट फिल्टर करा. हा नंबर म्हणजे फसलेलं लॉगिन. रात्री अडीचला, ऑफिसला कुलूप असताना, एकामागे एक ओळी दिसतील, नावं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, अ‍ॅडमिन, टेस्ट, युजर, स्कॅनर अशी. त्यात लॉगऑन टाईप बऱ्याचदा १० (रिमोट डेस्कटॉपचं लॉगिन) ऐवजी ३ (नेटवर्कवरून आलेलं लॉगिन) दिसतो, कारण नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन चालू असलं की पासवर्डची तपासणी स्क्रीन उघडायच्या आधीच होते, त्यामुळे फक्त १० शोधणाऱ्याला वाटतं सगळं शांत आहे.

बरं, पासवर्ड भक्कम असला तरी पुरत नाही. मे २०१९ मधे ब्लूकीप नावाची खोट उघड झाली, जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमधे पासवर्ड न टाकताच शिरता येत होतं, प्रकरण एवढं गंभीर की मायक्रोसॉफ्टने सपोर्ट कधीच संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा पॅच म्हणजे दुरुस्ती काढली.

मग करायचं काय, तर पुढे व्हीपीएन लावायचं, म्हणजे इंटरनेटमधून फक्त आपल्या डिव्हाइससाठी कुलूपबंद बोगदा. माझी पसंती वायरगार्ड नावाच्या व्हीपीएनला, हे २०२० मधे लिनक्स कर्नलच्या (लिनक्स सिस्टीमच्या गाभ्याच्या) ५.६ व्हर्जनमधे आलं. यात प्रत्येक डिव्हाइसच्या दोन चाव्या असतात, खाजगी चावी डिव्हाइसवरच राहते, सार्वजनिक चावी समोरच्याला द्यायची. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की ओळखीच्या चावीशिवाय आलेल्या पॅकेटला (डेटाच्या तुकड्याला) वायरगार्ड उत्तरच देत नाही, टकटक करणाऱ्याला आत कोणी आहे हेच कळत नाही.

उघड्या लाईनवर बोलून गुपित कसं काय ठरतं, हा प्रश्न पडायलाच पाहिजे. ही कल्पना डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मधे मांडली आणि ती कॅल्क्युलेटरवर करून बघता येते. चोपडा शाखा आणि जळगाव ऑफिस यांनी सगळ्यांसमोर दोन आकडे ठरवले, ३ आणि १७. चोपड्याने मनात ३ धरला, ३ चा ३ रा घात २७, त्याला १७ ने भागून बाकी १०, ते पाठवले. जळगावने मनात ५ धरला, ३ चा ५ वा घात २४३, बाकी ५, ते पाठवले. आता जळगाव आलेल्या १० चा ५ वा घात करतं, एक लाख, १७ ने भागून बाकी ६. चोपडा आलेल्या ५ चा ३ रा घात करतं, १२५, बाकी पुन्हा ६! लाईनवरून ६ कधी गेलाच नाही, तरी दोघांकडे तोच आहे. इथले आकडे छोटे म्हणून चोरालाही सगळे ताडून बघता येतील, खऱ्या वापरात वायरगार्ड २५६ बिटच्या चाव्या आणि वक्राचं गणित घेतं, तिथे उलटं जाणं आजच्या कॉम्प्युटरच्या आवाक्यात नाही.

सेटअपचं बोलायचं तर ऑफिसच्या पीसीवर विंडोज प्रो पाहिजे, होममधे बाहेरून रिमोट घेता येत नाही. एका वेळी एकच माणूस बसू शकतो, दोघा-तिघांना एकदम पाहिजे असेल तर सर्व्हर आणि त्याची लायसन्स घ्या, ती बंधनं तोडणारे फुकटचे पॅच टाकू नका, अपडेट आलं की बोंब होते. राउटरमधलं ३३८९ चं फॉरवर्ड काढा, यूपीएनपी (प्रोग्रॅमना राउटरमधलं पोर्ट आपोआप उघडू देणारं सेटिंग) बंद करा. विंडोज फायरवॉलमधे रिमोट डेस्कटॉपच्या नियमाच्या स्कोपमधे फक्त व्हीपीएनच्या पत्त्यांची रेंज टाका, समजा १०.८.०.०/२४. उन्हाळ्यात लाईट जाते-येते, म्हणून बायोसमधे लाईट आल्यावर पीसी आपोआप चालू व्हायचं सेटिंग करून ठेवा, नाहीतर रविवारी कोणालातरी बटन दाबायला ऑफिसात पळावं लागतं.

खूप जणांना फायबर असूनही स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही, कंपनी अनेक गिऱ्हाइकांना एकाच पत्त्यामागे बसवते. राउटरच्या वॅनचा (इंटरनेटकडच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधे दिसला तर हेच समजा. तिथे टेलस्केल नावाची व्हीपीएन सेवा वापरा, ती वायरगार्डवरच चालते, दोन्ही बाजू आतून बाहेर कनेक्ट होतात त्यामुळे राउटरला हात लावायचं कामच नाही. फक्त ज्या अकाउंटने लॉगिन करता त्याला दोन टप्प्यांची तपासणी लावलीच पाहिजे, यात हयगय नको.

झाल्यावर टेस्ट करा. मोबाईल डेटावर या, व्हीपीएन बंद ठेवा आणि ऑफिसचा पत्ता टाकून रिमोट उघडून बघा. उघडलं नाही पाहिजे. मग व्हीपीएन चालू करा, आता उघडलं पाहिजे. यातली पहिली अर्धी टेस्ट बरेच जण करतच नाहीत.

आणि चावी प्रत्येक डिव्हाइसला वेगळी द्या, एकच फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना फिरवू नका. उद्या अकाउंटंटने नोकरी सोडली किंवा बस स्टँडवर लॅपटॉप चोरीला गेला तर त्या एका डिव्हाइसची चावी ऑफिसच्या कॉन्फिगमधून काढायची आणि त्या युजरचा विंडोजचा पासवर्ड बदलायचा, बाकीचे आपापलं काम करत राहतात.