विकत घेतलेल्या कंपनीचे वैमानिक ज्येष्ठता यादीच्या तळाशीच जातात का?

अमेरिकेत प्रादेशिक विमान कंपन्या एकत्र आल्या की हा समज पुन्हा पसरतो. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही विमान कंपनी घेतली, तेव्हा तिथल्या बहुतेक वैमानिकांचं तसं झालंही. त्या अन्यायातूनच २००७ चा मॅकास्किल-बाँड कायदा आला: ज्येष्ठता याद्या न्याय्य रीतीने जोडा, एकमत नसेल तर लवाद. मात्र दोन्हीकडे एकच युनियन असेल तर तिचेच नियम लागू होतात. 'अल्पा' या वैमानिकांच्या युनियनच्या नियमांत सेवाकाळ, पद व विमानाचा प्रकार आणि बढतीची शक्यता या तिन्ही गोष्टी पाहतात. म्हणजे नुसत्या रुजू तारखेनेही क्रम ठरत नाही. पिनॅकल, मेसाबा, कोलगन या प्रादेशिक कंपन्यांच्या वैमानिकांची एकत्रित यादी २०११ मध्ये लवादानेच ठरवली. याद्या प्रमाणित होण्याआधीच आपली तारीख तपासून हरकत नोंदवा. निकालानंतर क्रमांक बदलणं फार अवघड.