जमीनमोलावरील सारा (खानदेश)

जमिनीला कसामुळे, जागेमुळे किंवा बाजार जवळ आल्यामुळे जी किंमत येते तिच्यावर कर घ्यावा, धारकाने घाम गाळून केलेली सुधारणा मात्र करमुक्त ठेवावी, असा हा विचार. अमेरिकेतील हेन्री जॉर्ज याने १८७९ मध्ये तो गाजवला. त्यातला अर्धा भाग त्याआधीच मुंबई इलाख्याच्या साऱ्याच्या, म्हणजे जमीन महसुलाच्या, नियमांत आलेला होता.

खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. रयतवारीत सारा थेट खातेदाराकडून घेतला जाई. मोजणीदार मातीचा रंग आणि खोली पाहून आण्यांत प्रत ठरवीत: तापीकाठची खोल काळी वर, मुरमाड बरड खाली. दर साधारण ३० वर्षांसाठी बांधला जाई. १८६५ च्या कायद्याने फेरआकारणीचे, म्हणजे मुदतीनंतर दर पुन्हा ठरवण्याचे, तत्त्व स्पष्ट केले. शेतकऱ्याने पदरच्या पैशाने विहीर पाडली, तर तिच्यामुळे सारा वाढू नये. शेतमालाचे भाव चढले किंवा दळणवळण सुधारले, तर वाढ करता यावी. त्याच दशकात खानदेशात रेल्वे आली आणि अमेरिकेतील यादवीने कापसाला भाव चढला, म्हणजे तत्त्वाला खाद्य लगेच मिळाले.

तत्त्व चोख होते, वसुली तशी नव्हती. मोजणीलाच १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल भागात कडवा विरोध झाला आणि लष्कर आणावे लागले. सारा रोखीत असल्याने दुष्काळातही हप्ता चुकत नसे. तो भरायला सावकार, आणि सावकाराकडे गहाण शेत. करआकारणी न्याय्य असली तरी मालकी तशी असेलच असे नाही, हे यातून दिसते. पश्चिम खानदेशात, विशेषतः शहादा-तळोद्याकडे, भिल्लांच्या जमिनी अशाच हातातून गेल्या. भिल्ल पुढारी अंबरसिंग यांच्या पुढाकारातून आणि १९७२ मध्ये स्थापन झालेल्या श्रमिक संघटनेतून त्या परत मिळवण्याची चळवळ उभी राहिली. १९७४ च्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ दरम्यान आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्याची तरतूद केली.

आज सातबाऱ्यावर ‘आकार’, म्हणजे साऱ्याची रक्कम, हा रकाना आहे. त्यात बहुधा काही रुपये आणि पैसे. महामार्गालगतची जिरायत तेवढाच आकार भरत पडून राहते. शेजारचा शेतकरी कर्ज काढून ठिबक बसवतो, आणि भाव दोघांच्याही जमिनीला रस्त्यामुळे सारखाच चढतो.