नास्तिकता : धर्मश्रद्धा म्हणायची की नाही

नास्तिकता म्हणजे देव, ईश्वर, जगाचा कोणी कर्ताकरविता आहे हे न मानणं. आता हे न मानणं हाच एक धर्म आहे का, म्हणजे हिंदू, मुस्लिम, बौद्ध, ख्रिश्चन तसा "नास्तिक" हाही एक धर्म धरायचा का, हा वाद जुना आहे आणि तो नुसता पुस्तकातला नाही. तो शाळेच्या दाखल्यावर येतो, जनगणनेत येतो, कोर्टात येतो, आणि विदर्भातल्या कोणत्याही गावात पारावर बसून "मी देव नाही मानत" म्हटलं की दोन मिनिटात येतो. उत्तर आधीच सांगून टाकतो. नास्तिकता हा धर्म नाही, धर्माबद्दलचं एक मत आहे, पण कायद्यानं त्या मताला धर्माइतकंच संरक्षण द्यायला पाहिजे आणि बऱ्याच ठिकाणी दिलंही आहे. लोक या दोन गोष्टींची सरमिसळ करतात आणि तिथेच सगळा घोळ होतो.

पारावरचा मुद्दा असा असतो, "देव नाई म्हणते तू, पण देव नाई असं तरी तू मानतंच ना बाप्पा? मंग तुही बी श्रद्धाच झाली ना." हा मुद्दा हसून सोडून देण्यासारखा नाही, कारण तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातही तो जवळपास असाच मांडलेला असतो. यात दोन वेगळी माणसं एकाच नावाखाली येतात. एकजण छातीठोकपणे म्हणतो की देव नाहीच, कुठेच नाही, असूच शकत नाही. हा दावा आहे आणि दावा केला की त्याचं कारण द्यावं लागतं, तेवढ्यापुरतं पारावरच्या बुढ्याचं बरोबर आहे. दुसरा म्हणतो की देव आहे असं तुम्ही सांगता, मला ते पटलं नाही, पटेल असं काही दाखवा मग पाहू. यानं कशावरच विश्वास ठेवलेला नाही, फक्त ठेवायला नकार दिलाय. गावातले बहुतेक नास्तिक या दुसऱ्या प्रकारचे असतात, फक्त वादात चिडले की पहिल्यासारखं बोलतात.

आणि पहिल्याचा दावा श्रद्धा आहे असं मान्य केलं तरी एका गोष्टीवर ठाम मत असणं म्हणजे धर्म होत नाही. सातबाऱ्यावर पिकाच्या पेऱ्यात पडीत वावराचीही नोंद करावी लागते, आता ई-पीक पाहणीच्या ॲपमध्येही "पड" म्हणून टाकता येते, पण नोंद पिकाच्या जागी झाली म्हणून पडीत हे काही पीक होत नाही. धर्माच्या कॉलममध्ये कोणी "नास्तिक" लिहिलं तर तेही तसंच समजायचं.

गावात "देव नाही मानत" हे लेबल कोणाकोणाला लागतं ते पाहिलं तर वाद आणखी मोकळा होतो. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभावांचं मोठं स्थान. या पंथात परमेश्वर एकच आणि बाकी देवतांची भक्ती वर्ज्य, त्यामुळे मारोतीच्या देवळात न जाणारा महानुभाव शेजाऱ्याला देव न मानणारा वाटू शकतो, पण तो पक्का आस्तिक असतो. गाडगेबाबांना तर आजही कित्येक जण नास्तिकांच्या यादीत टाकतात. शेंडगावात १८७६ ला जन्मलेला हा माणूस हातात खराटा घेऊन गाव झाडायचा, रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारून नवसाच्या बकऱ्याकोंबड्यांवर आणि कर्ज काढून केलेल्या तेरवीवर (मयताच्या तेराव्याच्या जेवणावर) कोरडे ओढायचा, पण त्याच कीर्तनात "गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला" म्हणत हजारोंना डोलवायचा. मोझरीच्या तुकडोजी महाराजांचंही तेच, ग्रामगीता वाचणारा माणूस अंगारा-धुपारा सोडेल पण सामुदायिक प्रार्थना सोडणार नाही. अंधश्रद्धेला विरोध ही एक गोष्ट, देव नाकारणं ही दुसरी.

अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचंही हेच आहे. श्याम मानवांची अखिल भारतीय समिती १९८२ पासून नागपुराकडून काम करते, नरेंद्र दाभोलकरांची महाराष्ट्र समिती १९८९ पासूनची, आणि दोघांचीही भूमिका राहिली की आमचा विरोध शोषणाला आहे, देवाधर्माला नाही, आस्तिक माणूसही आमच्यात काम करू शकतो. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर जो जादूटोणाविरोधी कायदा आला त्यात कीर्तन, भजन, प्रवचन, यात्रा, हरिपाठ यांना हात लावलेला नाही, उलट तसं कलमच टाकून स्पष्ट केलंय. तरी गावात समितीचा कार्यकर्ता आला की "देव न मानणारे आले" असंच म्हणतात, आणि ते चूक आहे.

देवाशिवाय धर्म असू शकतो

मूळ वादात सगळ्यात जास्त प्रकाश पडतो तो इथे, आणि त्यासाठी विदर्भाच्या माणसाला दूर जायचं काम नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत बौद्ध धम्म घेतला आणि १६ तारखेला चंद्रपुरात पुन्हा दीक्षा झाली. त्या वेळच्या २२ प्रतिज्ञांमधल्या पहिल्याच प्रतिज्ञेत ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही असं आहे. म्हणजे देव नाकारून धर्मात प्रवेश. आज विदर्भातल्या कितीतरी गावात बौद्ध वस्तीत पंचशील ध्वज आहे, विहार आहे, सकाळ-संध्याकाळ त्रिशरण-पंचशील म्हटलं जातं, लग्न लागतं ते वंदना घेऊन, मयत होते तीही वंदना घेऊन. कर्ता देव कुठेच नाही तरी हा धर्म आहे याबद्दल कोणाला शंका नाही. "बुद्ध आणि त्याचा धम्म" या १९५७ साली निघालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी हेच बारीक करून मांडलंय की इतर धर्मात जी जागा देवाची ती धम्मात नीतीची.

काही जण यावरून उलटं लॉजिक लावतात, की देव नसूनही बौद्ध हा धर्म आहे तर देव न मानणारे नास्तिकही धर्मच. पण नीट पाहिलं तर यातून बरोबर विरुद्ध गोष्ट निघते. देव आहे की नाही यावर धर्म ठरतच नाही. धर्म ठरतो शील, संघ, वंदना, संस्कार, सणवार आणि सोबतीला उभी राहणारी माणसं यावर, आणि नुसत्या नास्तिकतेत यातलं काहीच येत नाही. दोन नास्तिकांमध्ये एक कम्युनिस्ट असेल, एक सावकार असेल, एक हुंडा घेणारा, एक हुंड्यावर थुंकणारा. देव नाही एवढ्या एका उत्तरातून जगायचं कसं हे काही निघत नाही, ते त्यानं दुसरीकडून आणलेलं असतं.

जुन्या दर्शनांतही, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या परंपरांतही, हेच दिसतं, फक्त तिथे आस्तिक म्हणजे वेद मानणारा. सांख्य आणि मीमांसा जग चालवणारा ईश्वर मानत नाहीत पण वेद मानतात म्हणून आस्तिकांत मोजले गेले, आणि जैन-बौद्ध वेद मानत नाहीत म्हणून चार्वाकाशेजारी नास्तिकांत. चार्वाकांनी मात्र वेदही सोडला, परलोकही सोडला आणि प्रत्यक्ष दिसेल तेच प्रमाण धरलं. त्यांचे स्वतःचे ग्रंथ उरले नाहीत, बरंचसं कळतं ते विरोधकांनी लिहिलेल्यातून, चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात सुरुवातच चार्वाकापासून आहे. त्यातही तो दर्शन म्हणून येतो, कोणी त्याचं देऊळ-मठ सांगत नाही.

नास्तिकांचा मुद्दाम धर्म करून पाहिलेलाही आहे. फ्रान्समध्ये क्रांतीच्या धामधुमीत १७९३ ला पॅरिसच्या नोत्रदाम चर्चमध्ये विवेकबुद्धीचा उत्सव भरवला, नंतर ऑग्यूस्त कोंत या विचारवंतानं देवाऐवजी मानवता पूजायचा धर्म काढला, त्याला पुरोहित दिले, कॅलेंडर दिलं, ब्राझीलमध्ये त्याची मंदिरंही उभी राहिली. याला खुशाल धर्म म्हणा. पण तो कोंतचा धर्म, सगळ्या नास्तिकांचा नाही.

मयत, लग्न आणि पोळा

शहरातला वाद देव आहे का यावर होतो, खेड्यातला वाद तेरवीवर होतो. बाप मेला आणि पोरगा म्हणाला की मी मुंडण नाही करत, तेरवी नाही करत, त्या पैशात शाळेला पंखे देतो, तर सोयरे विचारतात की मंग तू कोणाचा रे? देव मानतो की नाही हे त्यांना विचारायचंच नसतं. पंगतीत बसतो का, खांदा द्यायला येतो का, सोयरीक आपल्यात करतो का, खेड्यात धर्म म्हणजे एवढं सगळं आहे. नास्तिक माणसाकडे याच्या बदल्यात देण्यासारखा तयार रिवाज नसतो, त्याला प्रत्येक वेळी नवीन काढावा लागतो, कोणी सेवाग्राम-सावंगीच्या मेडिकल कॉलेजला देहदान करतं, कोणी सत्यशोधक पद्धतीनं लग्न लावतं. (सत्यशोधक पद्धत जोतीराव फुल्यांची, समाज १८७३ चा, आणि फुले निर्मिक, म्हणजे जगाचा निर्माता, मानत होते, नास्तिक नव्हते, हे नास्तिकांनीही लक्षात ठेवावं.) नास्तिकतेला धर्म म्हणणाऱ्यांनी एकदा गावातल्या नास्तिकाच्या घरची मयत पाहावी. धर्म असता तर इतकी ओढाताण झाली नसती.

याच सेवाग्रामात, वर्धा जिल्ह्यात, एक लग्न झालं ते इथे सांगितलंच पाहिजे. आंध्रातले गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, यांनी १९४० मध्ये कृष्णा जिल्ह्यातल्या मुदुनूर गावी नास्तिक केंद्र काढलं होतं. अस्पृश्यता निवारणाचं त्यांचं काम जोरात होतं आणि १९४४ मध्ये ते सेवाग्रामला येऊन गांधींना भेटले. गांधी रामनाम घेणारे, गोरा देवाचं नाव न घेणारे, पण दोघांचं जमलं. गांधींनी तर १९३१ मध्येच सत्य हाच ईश्वर अशी मांडणी केली होती आणि सत्य तर नास्तिकही नाकारत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. गोरांच्या मुलीचं लग्न अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या तरुणाशी आश्रमात लावायचं ठरलं तेव्हा विधीत ईश्वराच्या जागी सत्य म्हणायला गांधी तयार झाले. पुढे गांधींचा खून झाला, तरी मार्च १९४८ मध्ये ते लग्न सेवाग्रामलाच लागलं. मला या विषयावरच्या शंभर भाषणांपेक्षा ही घटना मोठी वाटते, कारण यात कोणी कोणाला आपल्या बाजूला ओढलं नाही आणि लग्नही अडलं नाही.

उलटा प्रश्नही विचारतात, की एवढा नास्तिक आहेस तर पोळा कसा करतोस? पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपानं शेकतात आणि त्याच्या कानाशी जाऊन म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, होतात, शेवटी सगळे "हर बोला हर हर महादेव" म्हणतात, त्यात देव न मानणारा शेतकरीही ओरडतो. यात ढोंग काही नाही. वर्षभर जूं ओढून सोललेल्या खांद्याला तूप लावणं हे बैलाचं देणं आहे, त्याला महादेव असला काय नि नसला काय. सण केला म्हणून तो आस्तिक ठरत नाही आणि नाही केला म्हणून त्याचा वेगळा धर्म होत नाही.

कायदा काय म्हणतो

सुप्रीम कोर्टानं १९५४ च्या शिरूर मठ केसमध्येच सांगून टाकलं की धर्माला देव लागतोच असं नाही, बौद्ध आणि जैन धर्म आहेतच की. राज्यघटनेच्या २५ व्या कलमात धर्माच्या आधी सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य येतं, आणि त्याच्याच आधारे मुंबई हायकोर्टानं २०१४ मध्ये निकाल दिला की सरकार कोणालाही फॉर्मवर धर्म लिहायची सक्ती करू शकत नाही, "मला कोणताच धर्म नाही" असं सांगायचा हक्क प्रत्येकाला आहे. कोर्टात साक्ष देताना १९६९ च्या शपथ कायद्यानुसार ईश्वराची शपथ न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते, आमदार-खासदारांनाही तसंच. अमेरिकेत २००५ मध्ये विस्कॉन्सिनच्या तुरुंगातल्या एका नास्तिक कैद्याला अभ्यासगट काढायचा होता, तेव्हा तिथल्या अपील कोर्टानं संविधानातल्या हक्कापुरतं नास्तिकतेला धर्म धरलं. हा निकाल "बघा, नास्तिकता धर्मच" म्हणून फिरवतात, पण कोर्टानं फक्त संरक्षण कुठून द्यायचं एवढंच ठरवलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीचं १९९३ चं म्हणणं जास्त सरळ आहे, की आस्तिक, निरीश्वरवादी (ईश्वराशिवायची श्रद्धा पाळणारे) आणि नास्तिक सगळ्यांच्या मतांना संरक्षण आहे आणि कोणताच धर्म न मानायचाही हक्क आहे. धर्म म्हणायची गरजच पडत नाही.

आपल्याकडे धर्म सोडल्यावरही कायदा मात्र पाठ सोडत नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी, ज्यू नसलेल्या जवळपास सगळ्यांना लागू होतो, म्हणजे हिंदू घरात जन्मलेल्या नास्तिकालाही लागू. त्यातून बाहेर पडायचं तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे.

जनगणनेचं तर वेगळंच. २०११ ला देशभरात सुमारे ३३ हजार लोकांची नोंद नास्तिक अशी झाली आणि त्यातले साडेनऊ हजारांच्या वर महाराष्ट्रातले होते. त्यांना मोजलं "इतर धर्म आणि पंथ" या गटात, जिथे सरना आणि गोंडी धर्म लिहिणारे आदिवासीही येतात. ज्यांनी धर्म सांगितलाच नाही असे २८ लाखांवर लोक वेगळ्या रकान्यात गेले. आता १ मार्च २०२७ या तारखेची जनगणना होणार आहे, जातीसकट.

हा नास्तिकांचा आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी आहे असं माझं मत आहे आणि त्यामागे भीती आहे. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या आदेशानुसार धर्माशी बांधलेला आहे, आधी जवळपास फक्त हिंदू, मग १९५६ ला शीख, १९९० ला बौद्ध जोडले गेले. "धर्म नाही" असं कागदावर लिहिलं तर पोराच्या जात-पडताळणीत कोणी अडवेल, ही धास्ती दलित घरातल्या नास्तिक बापाला असते आणि ती खोटी म्हणता येत नाही. अनुसूचित जमातीला ही धर्माची अट नाही, म्हणून गडचिरोलीचा गोंड माणूस धर्माच्या रकान्यात काहीही लिहिलं तरी त्याची जमात कायम राहते, आणि दलितालाही तेवढीच मोकळीक मिळायला पाहिजे.