निकाल चांगला की शाळा चांगली?

अमेरिकेत घर शोधायला निघालेलं मराठी कुटुंब बेडरूम मोजण्याआधी स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारा स्थानिक विभाग, बघतं. छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये प्राथमिक शाळा इनमिन तीन-चार, त्यामुळे ‘ही चांगली, ती यथातथाच’ हा निवाडा दोन मिनिटांत होतो. तो होतो बहुतेक वेळा प्रोफिशियन्सीच्या आकड्यावर. ग्रोथ नावाचा वेगळाच आकडा असतो, तिकडे कुणी फिरकत नाही.

राज्याच्या परीक्षेत ठरलेली रेघ किती टक्के मुलांनी ओलांडली, ती प्रोफिशियन्सी. तीच मुलं गेल्या वर्षी कुठं होती आणि यंदा कुठवर आली, ती ग्रोथ.

समजा, एका शाळेत ८० टक्के मुलं रेघेच्या वर आहेत, दुसऱ्या शाळेत ४५. दुसऱ्या शाळेतली एक मुलगी चौथीत आली तेव्हा जेमतेम दुसरीचं वाचत होती. वर्षअखेरीस ती तिसरीचा धडा न अडखळता वाचते. एवढी मजल मारूनही प्रोफिशियन्सीच्या हिशेबात ती रेघेखालीच. पहिल्या शाळेतला मुलगा घरूनच वाचायला शिकून आला होता. तो वर्षभर जागचा हलला नाही, तरी शाळेची टक्केवारी वाढवतो.

म्हणून मी प्रोफिशियन्सीकडे शाळेचं प्रगतिपुस्तक म्हणून बघत नाही. त्यात घरची पुस्तकं, घरची भाषा, आईबापांची मिळकत सगळं मिसळलेलं असतं. विषमता तिथं दिसते आणि ती खरीच असते, पण ती शाळेनंच केली असं नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातले शिक्षण-संशोधक शॉन रिअर्डन यांनी २०१७ साली शिकागोचे आकडे मांडले: तिसरी ते आठवीच्या पाच वर्षांत तिथली मुलं सरासरी सहा वर्षांइतकं शिकली होती. नुसते गुण बघणाऱ्याला हे कळलंच नसतं.

२००२ पासून लागू झालेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या अमेरिकेच्या शाळाविषयक कायद्याचा सगळा जोर रेघेवर होता, त्यामुळे काठावरच्या मुलांचीच घोकंपट्टी करून घेण्याचा मोह शाळांना व्हायचा. २०१५ च्या नव्या कायद्यानं ग्रोथही धरायला राज्यांना वाव दिला.

पण छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये ग्रोथही जपूनच वाचावी. इयत्तेत २० मुलं असली, तर परीक्षेच्या दिवशी तापानं फणफणलेली दोघं-तिघंही सरासरी हलवतात. एकाच वर्षाचा आकडा धरू नका, तीन वर्षांचे बघा. आणि गरीब किंवा इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा गट फारच लहान असला, तर त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून आकडा छापतच नाहीत. ज्यांच्याबद्दल विचारायचं, नेमक्या त्यांच्याच रकान्यात मग नुसती चांदणी (*) दिसते.