मेकॅनिक्समधली संशोधनाची आणि अध्यापनाची पदे: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज कुठे अडकतो

इंजिनिअरिंग मेकॅनिक्स, म्हणजे बले आणि त्यांचा वस्तूंवर होणारा परिणाम, हा आपल्याकडे विषय आहे, पदवीची शाखा क्वचितच. पहिल्या वर्षाचा हा पेपर काही कॉलेजांत सिव्हिलवाले शिकवतात, काही ठिकाणी मेकॅनिकलवाले. आयआयटी दिल्लीत अप्लाइड मेकॅनिक्सचा विभाग आहे, आयआयटी मद्रासमध्ये तो बायोमेडिकलसोबत आहे, तर मुंबईच्या आयआयटीत हेच काम सिव्हिल, मेकॅनिकल आणि एरोस्पेस विभागांत विखुरलेले. म्हणून नुसता 'मेकॅनिक्स' हा शब्द टाकून जाहिराती शोधू नका. सॉलिड मेकॅनिक्स, स्ट्रक्चर्स, मशीन डिझाइन, फ्रॅक्चर, फ्लुइड्स अशा नावांखालीही त्या सापडतात.

छाननीतही गाडी इथेच अडते. माझा एक अर्ज असाच बाद झाला. पद अप्लाइड मेकॅनिक्सचे, माझी एमई स्ट्रक्चर्सची, आणि अपात्रांच्या यादीत माझ्या नावापुढे शेरा: 'शाखा संबंधित नाही'. चार सेमिस्टरचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी जोडावा, हे तेव्हा सुचलेच नाही. आता मी प्रत्येकाला आधी तेच सांगतो. मुख्य शाखा कोणती आणि तिला संबंधित पदव्या कोणत्या, याची यादी एआयसीटीईने (तांत्रिक शिक्षणाची केंद्रीय परिषद) 2017 साली राजपत्रात दिली आहे. शिक्षकपदाचा अर्ज भरण्याआधी तुमच्या पदवीचे नाव तीत अक्षरशः जुळवून पाहा.

जेआरएफ: सगळ्यात उघडे दार

प्राध्यापकाला एखाद्या प्रकल्पासाठी निधी मिळाला की त्यावर ज्युनिअर रिसर्च फेलो (जेआरएफ) घेतात. 1 जानेवारी 2023 पासून जेआरएफला महिना 37,000 रुपये, सिनिअर रिसर्च फेलोला (एसआरएफ) 42,000 रुपये आणि वर शहराप्रमाणे घरभाडे भत्ता मिळतो. मात्र नेमणूक प्रकल्पापुरतीच. प्रकल्प संपला की नोकरी संपली, त्यामुळे रुजू होण्याआधी 'प्रकल्पाची किती वर्षे उरली आहेत?' हे न लाजता विचारा. शिवाय त्याच कामावर पीएचडीची नोंदणी होणार का, तेही विचारून घ्या.

पुणेकरांना तर हे घरचेच. दिघीची आरअँडडीई, पाषाणची एआरडीई आणि सुतारवाडीची एचईएमआरएल या डीआरडीओच्या, म्हणजे केंद्राच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या, तिन्ही प्रयोगशाळांत मेकॅनिक्सवाल्यांना काम आहे. डीआरडीओच्या जेआरएफ जाहिरातींत साधारणपणे दोन वाटा दिलेल्या असतात: बीई किंवा बीटेक प्रथम श्रेणीत आणि सोबत गेट (इंजिनिअरिंगची देशपातळीवरची परीक्षा), किंवा एमई, एमटेक, पण मग पदवी आणि पदव्युत्तर दोन्हीकडे प्रथम श्रेणी हवी. वयोमर्यादा 28 वर्षे, ओबीसींना 3 आणि एससी-एसटींना 5 वर्षे सवलत. फेलोशिप मिळाली म्हणून तिथे कायम नोकरीचा हक्क लागत नाही.

'नेट चालेल का?' हा प्रश्न हमखास येतो. सीएसआयआर-नेट या विज्ञान विषयांच्या पात्रता परीक्षेचे पाच विषय आहेत. त्यांत गणित, भौतिकशास्त्र आहे, इंजिनिअरिंग नाही. म्हणजे आपल्यासाठी गेटच. मेकॅनिकल किंवा सिव्हिलचा पेपर देता येतोच, पण एक्सई हा इंजिनिअरिंग सायन्सेसचा पेपरही पाहून ठेवा. त्यात इंजिनिअरिंग गणित सक्तीचे आणि बाकी विभागांतून दोन निवडायचे. सॉलिड मेकॅनिक्स आणि फ्लुइड मेकॅनिक्स घेतले की पेपर पूर्ण आपल्या अंगणातला. पण जाहिरातीत एक्सई चालतो असे लिहिले आहे ना, ते पाहून मगच निवडा. निकालापासून 3 वर्षे स्कोअर चालतो. स्कोअरकार्ड वेळेत उतरवून ठेवा, मेअखेरीनंतर त्याला पैसे पडतात.

पीएचडी

आयआयट्यांत प्रवेश सहसा वर्षातून दोनदा, जुलै आणि जानेवारीच्या सत्रासाठी. शिक्षण मंत्रालयाच्या असिस्टंटशिपची (पीएचडी करताना मिळणाऱ्या विद्यावेतनाची) रक्कम जेआरएफइतकीच: पहिली दोन वर्षे 37,000, नंतर 42,000. विद्यापीठांत यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोग) 2022 चे नियम लागतात: पदव्युत्तरला 55 टक्के, किंवा चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के, आणि आरक्षितांना 5 टक्क्यांची सूट.

शिक्षकपद

एआयसीटीईच्या 2019 च्या नियमांनुसार इंजिनिअरिंग कॉलेजात सहायक प्राध्यापकासाठी पदवी आणि पदव्युत्तर पदवी दोन्ही संबंधित शाखेतली लागतात, आणि दोहोंपैकी एकीत प्रथम श्रेणी. सातव्या वेतन आयोगाचे मूळ वेतन महिना 57,700 रुपये. सहयोगी प्राध्यापकाला पीएचडी, 8 वर्षांचा अनुभव (त्यातली किमान 2 वर्षे पीएचडीनंतरची) आणि शोधनिबंध. पॉलिटेक्निकच्या अधिव्याख्यात्याला प्रथम श्रेणीची बीई पुरते. सरकारी कॉलेजांची पदे एमपीएससीकडून भरली जातात. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवत असाल तर प्रत्येक सत्राचे नेमणूकपत्र, तासांची संख्या आणि मानधनाचा पुरावा जपून ठेवा. नुसते 'अनुभव आहे' म्हणणारे पत्र छाननीत टिकेलच असे नाही.

कागदपत्रे

दहावीपासूनची सगळी गुणपत्रके, पदवी प्रमाणपत्र, गेटचे स्कोअरकार्ड, जन्मतारखेचा पुरावा, फोटो, सरकारी नोकरीत असाल तर कार्यालयाचे ना हरकत पत्र. हे सगळ्यांना ठाऊक असते. घोटाळा होतो तो पुढच्या दोन कागदांत.

पहिला, सीजीपीएचे टक्के. प्रत्येक विद्यापीठाचे सूत्र वेगळे, आणि ते बहुतेकदा गुणपत्रकाच्या मागे छापलेले असते. मागची बाजूही स्कॅन करा. एआयसीटीईच्या तक्त्यात 6.75 म्हणजे 60 टक्के, पण विद्यापीठाचे स्वतःचे सूत्र असेल तर आकडा बदलतो. प्रथम श्रेणीच्या काठावर असाल तर परीक्षा विभागाकडून रूपांतराचे पत्रच घ्या.

दुसरा, जातीचा दाखला. केंद्राच्या संस्थेला राज्याच्या नमुन्यातले ओबीसींचे नॉन-क्रीमीलेअर चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातले वेगळे काढावे लागते. राज्यात एनटी (भटक्या जमाती) असलेल्या कित्येक जाती केंद्राकडे ओबीसीत मोडतात. एसईबीसी (राज्याचा मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) केंद्राच्या यादीत नाही, म्हणून तिथे उत्पन्न बसत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), आणि तो दाखला चालू आर्थिक वर्षाचा. उलट एमपीएससीला जात वैधता लागते. सेतू केंद्रात 'सेंट्रलचा नमुना' असे स्पष्ट सांगा, नाहीतर हातात राज्याचाच कागद येतो.

मुलाखत

शोधनिबंधांची फाइल नेतातच सगळे, पण प्रश्न बहुधा पहिल्या दोन वर्षांतले येतात. कँटिलिव्हरचा बेंडिंग मोमेंट, मोहर सर्कल, प्लेन स्ट्रेस आणि प्लेन स्ट्रेन यांतला फरक. एमटेकला फायनाइट एलिमेंटचे सॉफ्टवेअर चालवलेला उमेदवार इथे गडबडतो; रंगीत चित्रे दाखवतो, पण सीमा-अटी कुठल्या दिल्या ते सांगता येत नाही. भिंतीला टेकलेली शिडी काढून फ्री बॉडी डायग्राम (तिच्यावरची सगळी बले दाखवणारी आकृती) मागितला, तर खडू घेण्याआधी भिंत गुळगुळीत आहे का खडबडीत ते विचारा. गुळगुळीत म्हणाले, तर तिथे घर्षणाचा बाण काढू नका.